कलामहोत्सव नको, बुधवारचे दोन तास हवेत

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी आहे. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या ९६ प्राथमिक शाळा, ८ केंद्रं (शेजारच्या शाळांचे गट) आणि साधारण २,९०० मुलं. यातल्या ५८ शाळांचा पट वीसच्या आत आहे, तिथे दोनच शिक्षक. चित्रकलेचं रीतसर शिक्षण झालेले शिक्षक तालुक्यात तिघेच. या वर्षी कलाशिक्षणासाठी जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून ३ लाख रुपये मिळणार आहेत, ३१ मार्चच्या आत खर्च करायचे. वरून सूचना अशी की प्रत्येक शाळेला चित्रकलेचं किट द्यावं आणि जानेवारीत तालुक्याचा कलामहोत्सव घ्यावा. त्या तिघा शिक्षकांना सगळ्या शाळांत फिरवावं का? वर्षाचं नियोजन कसं करावं? केंद्रासाठी हार्मोनियम घ्यावी का?

उत्तर : पैशाचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आधी तास मोजा. कागदावर प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात कला आहेच. प्रत्यक्षात तो तास गणिताच्या उरलेल्या उदाहरणांना, नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्याला जातो. हा तास जागेवर आला नाही तर किटचे खोके कपाटात बसतील आणि महोत्सवात प्रत्येक शाळेची तीच पाच मुलं नाचतील. तो तास परत मिळवायला एक रुपयाही लागत नाही. लागतं ते गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं एक पानी परिपत्रक.

त्यात एवढंच लिहा : दर बुधवारी दुपारच्या सुट्टीनंतरच्या सलग दोन तासिका, म्हणजे ७० मिनिटं, सर्व शाळांत कलेसाठी. या वेळेत केंद्रप्रमुखांनी बैठक लावू नये आणि कार्यालयाने माहिती मागवू नये. सलग दोन का, तर पाणी आणणं, कागद वाटणं, शेवटी हात-फरशी धुणं यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. पस्तीस मिनिटांच्या एका तासात मुलाच्या हाती काम करायला पंधराच उरतात, मग शिक्षक साहजिकच ‘घरून काढून आणा’ म्हणतात. शिवाय ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच, तिथे गाणं आणि खेळ ठेवा. पण सगळा भार शनिवारवर टाकू नका. शनिवारची शाळा सकाळची आणि आखूड, आणि प्रशिक्षणं, बैठका, जयंत्या नेमक्या त्याच दिवशी येतात.

मग पाहणी. ‘आपल्या शाळेत कला शिकवली जाते का?’ असं विचाराल तर ९६ वेळा ‘होय’ येईल. त्याऐवजी विचारा : मागच्या महिन्यात कलेच्या तासात मुलांनी केलेली तीन कामं लिहा. शाळेत कोणाला गाता, वाजवता, काढता, शिवता येतं? कपाटात कोणतं साहित्य आहे आणि त्यातलं कोणतं सुकलंय? शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर भजनी मंडळ, दशावतारी (लोकनाट्यातले कलाकार), कुंभार, सुतार, गणपतीची शाळा (मूर्ती घडवायची जागा) यांपैकी काय आहे? चारच प्रश्न, एक पान, आणि ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या मासिक बैठकीत) तिथल्या तिथे भरून घ्या. घरी नेलेला फॉर्म शेजारच्या शाळेचा बघून भरला जातो.

वर्षाची आखणी इथल्या पावसाने आणि शेतीने ठरू द्या. दुसऱ्या जिल्ह्यातलं वेळापत्रक उचलून आणलं की तिथेच गाडी रुतते. जून ते एप्रिल आठवडे चाळीसच्या वर दिसतात. चतुर्थी, दिवाळी, परीक्षा, अतिवृष्टीच्या सुट्ट्या वजा करून तीसेक बुधवार उरले तरी नियोजन २४ चंच करा. चार विभाग, प्रत्येकी सहा बुधवार.

पहिला विभाग जूनअखेर ते चतुर्थी : गाणं, ताल, फुगडी. जुलैत आपल्याकडे हवा इतकी ओली असते की कागदावरचा पोस्टर कलर दिवसभर चिकट राहतो, गठ्ठा करून ठेवला की चित्रं एकमेकांना चिकटतात आणि आठवड्यात बुरशी धरते. मातीची वस्तू पंधरा दिवस वाळत नाही. म्हणून पावसाळ्यात साहित्याची कला नकोच. आवाज आणि हात पुरेत. केहरवा तालाच्या आठ मात्रा घ्या : धा गे ना ती, न क धिं ना. अर्ध्या वर्गाने बोल म्हणायचे, अर्ध्याने पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी द्यायची, मग अदलाबदल. बिघडतं ते हमखास एकाच ठिकाणी : मुलं वेग वाढवत नेतात आणि सहाव्या आवर्तनाला सगळा गोंधळ होतो. ओरडून वेग कमी होत नाही. एका मुलाला वर्गात फिरू द्या, पाऊल पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पडलं पाहिजे. सगळ्यांनी त्या पावलांकडे बघून म्हणायचं. ताल बसला की बालभारतीची त्या इयत्तेची एखादी कविता त्यावर घाला. फुगडी मुलग्यांनाही घालू द्या, गाणी मात्र मुलांनी आजीकडून लिहून आणायची.

याच काळात गावातल्या गणपतीच्या शाळेत दोन फेऱ्या होऊ शकतात. पहिली जुलैत, माती मळणं आणि अंग जोडणं चालू असताना. दुसरी चतुर्थीच्या आठवडाभर आधी, डोळ्यांची आखणी चालू असेल तेव्हा. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांच्या वर थांबू नका, त्या दिवसांत कारागिराला जेवायला वेळ नसतो.

दुसरा विभाग चतुर्थी ते दिवाळी : नाट्य. दशावताराचा हंगाम कार्तिकात जत्रांबरोबर उघडतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या काळात कलाकार रात्रभर रंगमंचावर आणि दिवसा झोपलेला किंवा प्रवासात. जानेवारीच्या महोत्सवाला बोलावलंत तर चांगला माणूस मिळणार नाही, मिळाला तरी अर्ध्या झोपेत येईल. जुलैत तो भातलावणीत असतो. ऑक्टोबरात कापणी लागते. मोकळा सापडतो तो सप्टेंबरात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं आयत्या वेळचं, हे शिकवायला याहून चांगला माणूस कुठे मिळणार? त्यांच्याकडून मुलांना पोशाख नको, युद्धाचा नाच नको. पाठ्यपुस्तकातला एक प्रसंग द्यायचा आणि दोन पात्रांनी तो स्वतःच्या शब्दांत बोलायचा. मालवणीत बोलले तर अडवू नका. चौथ्या बुधवारपर्यंत एरवी तोंड न उघडणारी दोन-तीन मुलं बोलायला लागलेली दिसतात.

तिसरा विभाग दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत : रेखाटन, रंग, माती. आता हवा कोरडी. इथे एक तास सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कोणत्याही शाळेची चित्रं मागवा : दोन डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, आकाशात मराठी चाराच्या आकड्यांसारखे पक्षी. ज्या मुलाच्या खिडकीतून माड, मांगर आणि चिऱ्याचा गडगा दिसतो तेही हेच काढतं, कारण फळ्यावर हेच काढून दिलेलं असतं. म्हणून पहिला नियम : रेखाटनाच्या तासाला शिक्षकाने फळ्यावर काढायचं नाही. यामुळे चित्रकला न येणाऱ्या शिक्षकाची भीतीही जाते. प्रत्येकाने घरून एक करवंटी आणायची. पहिली दहा मिनिटं फक्त बघायचं : आतून, बाहेरून, काठ, शेंड्या, डोळे. पाच मिनिटं डोळे मिटून बोटांनी. पंचवीस मिनिटं कोळशाने मोठं चित्र, कागदाच्या दोन कडांना तरी टेकलं पाहिजे एवढं मोठं. खोडरबर आज पेटीत. पंधरा मिनिटं अंधाऱ्या बाजूला कोळसा बोटाने चोळून छाया. मग सगळे कागद व्हरांड्यात मांडायचे आणि दहा मिनिटं प्रत्येकाने एकच सांगायचं : कुठे अडलं. शेवटची पाच हात धुवायला. ‘छान’ हा शब्द शिक्षकाने त्या दहा मिनिटांत वापरायचा नाही. ‘काठ इथे जाड का दिसतो?’ असं विचारायचं.

रंगासाठी तुमच्या अंगणातली लाल माती आहे. दोनदा कापडातून गाळा. १०० ग्रॅम बाभळीचा डिंक ३०० मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. चार चमचे मातीला दोन चमचे डिंकाचं पाणी, मग लागेल तसं साधं पाणी. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, चकाकून तडकला तर जास्त झाला. डिंकाचं पाणी चार दिवसांत आंबतं, त्यामुळे मंगळवारी भिजवून बुधवारी संपवा. काळ्याला कोळसा, पिवळ्याला हळद (उन्हात फिकी पडते, मुलांना आधीच सांगा), पांढऱ्याला खडूची पूड. चुन्याची निवळी मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेली तर भारी पडते.

माती कुंभाराकडून घ्या, बाहेरून शाडू मागवायची गरज नाही. मुलामागे पाव किलो, म्हणजे २५ किलोच्या पोत्यात शंभर मुलं. अंगठ्यापेक्षा जाड काही करू नका, बाहेरून वाळतं आणि आतला ओलावा नंतर ते फोडतो. हात-पाय-कान नुसते दाबून चिकटवले की वाळताना गळतात. दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडायचे, पातळ चिखल लावायचा, मग जोडायचं. भाजायची भानगड नको. फोटो काढून झाला की सगळं बादलीत भिजवा, वर ओलं पोतं टाका, पुढच्या बुधवारी तीच माती.

चौथा विभाग फेब्रुवारी-मार्च : यात मागचं सगळं एकत्र येतं आणि त्यासाठी कुडाळजवळचं पिंगुळी तुमच्याच जिल्ह्यात आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा तिथे आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालयही तिथेच. चित्रकथीत चित्र दाखवत कथा गायची असते, म्हणजे चित्र, गाणं आणि बोलणं तिन्ही आलं. मुलांनी गावातल्या एखाद्या घटनेची (पूर, विहीर, हरवलेली म्हैस) सहा-आठ चित्रांची पोथी करायची आणि गाऊन सांगायची. पिंगुळीची चित्रं नक्कल करायला लावू नका. तुमच्या वर्गात ठाकर समाजाचं मूल असेल तर त्याला ‘तुमची कला दाखव’ म्हणून पुढे उभं करणंही टाळा. त्याला स्वतःहून दाखवावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी.

आता तुमचे तिघे शिक्षक. त्यांना फिरवू नका. प्रतिनियुक्तीवर एकजण गेला की दोनशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात, पालक दुसऱ्याच महिन्यात तक्रार करतात, आणि ९६ शाळांना वर्षातून एकेक भेट देऊन हाती काही लागत नाही. त्या तिघांकडून करवंटीच्या तासासारखी २४ पाठपत्रकं लिहून घ्या : एक बुधवार, एक पान, मिनिटांसकट. मग प्रत्येक केंद्रातून दोन शिक्षक निवडा, चित्रकला येणारेच हवेत असं नाही, भजनात गाणारा चालेल. या १६ जणांचं चार दिवसांचं प्रशिक्षण डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) मदतीने एकदम न घेता, प्रत्येक विभागाच्या आधी एक दिवस असं घ्या. जूनमध्ये शिकवलेली मातीकामाची कृती डिसेंबरपर्यंत कोणाच्या लक्षात राहते? हे १६ जण दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास बाकीच्यांकडून पुढचे पाठ प्रत्यक्ष करून घेतील. केंद्रामागे दोघे अशासाठी की मे महिन्यात बदल्यांची यादी लागते आणि आंतरजिल्हा बदलीने शिकवून तयार झालेला माणूस घाटावर जातो. एक गेला तरी एक उरतो, आणि पाठपत्रकं केंद्रातच राहतात.

सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळेला कलेचा अंशकालीन (अर्धवेळ) निदेशक असावा असं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. तुमच्या तालुक्यात अशा शाळा किती निघतील ते बघा, मागणी लेखी पाठवा, पण त्या माणसाच्या भरवशावर नियोजन करू नका. एनसीईआरटीची तिसरीची ‘बांसुरी’ आणि सहावीची ‘कृति’ ही कलेची पुस्तकं मात्र पाठपत्रकं लिहिताना तिघांच्या हातात असू द्या. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याप्रमाणे दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य चारही त्यात आहेत.

पैसे. ३ लाख भागिले ९६ करू नका. प्रत्येक शाळेला ३,१२५ दिले तर आठ मुलांच्या शाळेत रंग वाळतील आणि दीडशेच्या शाळेत कागद पुरणार नाही. प्रशिक्षणाला १६ जणांचं चार दिवसांचं जेवण-चहा दिवसाला २०० रुपयांनी १२,८००, दोन मार्गदर्शकांचं मानधन दिवसाला १,५०० प्रमाणे १२,०००, साहित्य ८,०००, मिळून ३२,८००. शिक्षण परिषदेतल्या तासासाठी केंद्राला महिन्याला ५००, आठ महिने, आठ केंद्रं : ३२,०००. कलाकारांच्या भेटी केंद्राला चार, भेटीला प्रवासासह २,००० : ६४,०००. साहित्य मुलामागे ३५ रुपये : १,०१,५००. प्रत्येक केंद्रासाठी ५,००० ची एक पेटी : ४०,०००. (पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, हार्मोनियम नव्हे, तिच्याकडे शेवटी येतो.) तिच्यात टाळांच्या दहा जोड्या, एक ढोलकी, चार दिमड्या, कात्र्या, जाड ब्रश, चाळण्या, ही शाळाशाळांत फिरेल. एकूण २,७०,३०० झाले. उरलेले २९,७०० राखीव. ज्या शाळेचा साहित्याचा हिशोब ५०० च्या खाली येतो तिला ५०० पूर्ण करा, राखीवातले दहा हजारांच्या आतच लागतील. वर्षभरात कागद-खडू कमी पडले तर संयुक्त शाळा अनुदानातून थोडं घेता येतं. पण तीसपर्यंत पटाच्या शाळेला ते वर्षाला १०,००० च असतं आणि त्यात बऱ्याच गोष्टी बसवायच्या असतात, तेव्हा पाचशे-हजाराच्या वर हात घालू नका.

कलाकार चार वेगवेगळे एकेकदा बोलावण्यापेक्षा एकच माणूस चार वेळा बोलवा. पहिल्या भेटीत मुलं तोंडाकडे बघतात, कामाला लागतात ती तिसऱ्या भेटीत. तीन-चार लहान शाळा एका ठिकाणी आणा. मानधनाचा लेखी आदेश आणि बँक तपशील भेटीच्या आधी घ्या. पैसे अडकले की ती बातमी नाटक मंडळ्यांत आठ दिवसांत फिरते आणि पुढच्या वर्षी फोन उचलला जात नाही. भेटीत शिक्षक वर्गातच हवा, कार्यालयात नव्हे.

खरेदी नोव्हेंबरात संपवा. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) घ्यायचं की स्थानिक दरपत्रकं, हे लेखा विभागाकडून जुलैतच लेखी घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेले रंग उन्हाळ्यात कपाटात तापतात, पावसाळ्यात बुरशीत जातात, आणि पुढच्या पाहणीत ‘साहित्य उपलब्ध’ या रकान्यात मोजलेही जातात. सहा रंगांच्या चिमुकल्या डब्या घेऊ नका. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा अशा पाच मोठ्या बाटल्या घ्या आणि बाकीचे मुलांना मिसळू द्या.

मूल्यमापनाला फार वेळ नको. कलेचं सगळं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभराच्या कामावरून, आहे, परीक्षा घ्यायची नाही. प्रत्येक मुलाची जुन्या वर्तमानपत्राची एक फाइल, तारखेसकट वर्षात चार कामं. गाण्या-नाटकासाठी शिक्षकाच्या दोन ओळी. केंद्रप्रमुखांनी नोंदवही न बघता कोणत्याही तीन फाइली उघडाव्यात. तिन्हींत दोन डोंगर निघाले तर त्या शाळेत पाठपत्रक पोचलेलं नाही.

राहिला महोत्सव. वरिष्ठांना थेट ‘नको’ म्हणू नका. जानेवारीऐवजी मार्च आणि तालुक्याऐवजी आठ केंद्रं, आठ वेगळे दिवस, असं मांडा. पदाधिकाऱ्यांना आठ कार्यक्रम मिळतात, फोटोही आठपट, आणि बसभाडं वाचतं. अट एकच : प्रत्येक मुलाचं काहीतरी हवं, आणि स्पीकरवर लावलेल्या गाण्यावरचा रेकॉर्ड डान्स नाही. नाहीतर तीन आठवडे सराव त्याचाच होतो आणि आपले बुधवार तिथे जातात. गावकऱ्यांना भिंतीवर फाइली, ओसरीवर पोथ्या, आणि मधे मुलांचं गाणं.

आणि हार्मोनियम. घेऊ नका. आपल्या दमट हवेत वर्षभर बंद राहिली की भाता चिरतो, सूर गंजतात, दुरुस्ती करणारा जवळ नसतो, आणि शाळेत वाजवणारा बदलीवर गेला की तिच्यावर हजेरीपट ठेवले जातात. वाडीवाडीत भजनी मंडळ आहे. त्यांची पेटी बुधवारपुरती मागून आणा, बहुतेक वेळा वाजवायला बुवाही तिच्याबरोबर येतात.